नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश आणि सोबत न मागितलेलं

अफजलपूर तालुक्यात झेरॉक्स-टायपिंगचं दुकान चालवणाऱ्याला दिवसभरात तीन लिप्यांतून जावं लागतं. जमिनीची पहाणी कन्नडात, गाणगापूरला दर्शनाला आलेल्या सोलापूरकडच्या मंडळींचं काम मराठीत, आणि नोकरीचे ऑनलाइन फॉर्म बहुतेक इंग्रजीत. एका बाजूला कलबुर्गी, दुसऱ्या बाजूला अक्कलकोट. त्यामुळे एकाच मशीनवर कन्नडसाठी ‘नुडी’ किंवा ‘बरहा’ लागतं, मराठीसाठी ‘श्रीलिपी’ नाहीतर युनिकोडचं एखादं साधन लागतं. शिवाय पीडीएफ जोडायला काहीतरी, फोटो लहान करायला काहीतरी, व्हिडिओ चालवायला काहीतरी, प्रिंटरचा ड्रायव्हर आणि अंगठ्याच्या मशीनचाही ड्रायव्हर. शहरातल्या कंपनीत हे सगळं आयटीवाले बघतात. इथं मालक बघतो, त्याचा पुतण्या बघतो, नाहीतर कामाला ठेवलेला बारावी झालेला मुलगा बघतो. आणि यातलं शक्य तेवढं फुकटच हवं असतं, कारण एका झेरॉक्समागे सुटणारे पैसे सगळ्यांना माहीत आहेत.

म्हणून फुकट सॉफ्टवेअरबरोबर नको ते चिकटून येण्याचा त्रास अशा गावात जास्त होतो. लक्षणं ओळखीची आहेत. ब्राउझर उघडला की गूगलऐवजी भलतंच सर्च पान येतं. वर ‘टूलबार’ नावाची एक जादा पट्टी बसलेली असते. कधीही न मागवलेला ‘क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’ लाल अक्षरांत सांगतो की मशीनमध्ये शेकडो एरर आहेत आणि त्या काढायच्या तर पैसे भरा. उजव्या कोपऱ्यातून जाहिराती उगवतात. गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळतं, फॉर्म भरायची शेवटची तारीख असते आणि मशीन रडतखडत चालतं. मग ‘व्हायरस आलाय’ असं निदान होतं आणि फॉरमॅट मारला जातो. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतोच. कुणी चोरून आत शिरलेलं नसतं. आपणच ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत त्याला आत घेतलेलं असतं आणि तशी परवानगी दिल्याची नोंद ते बनवणाऱ्या कंपनीकडे असते. सगळी मेख या परवानगीत आहे.

सॉफ्टवेअर फुकट देणाऱ्याला पैसा कुठून मिळतो, इथून सुरुवात करावी लागते. एखादा व्हिडिओ प्लेअर कोट्यवधी लोक उतरवून घेतात, पण पैसे कुणी देत नाही. मग दुसरी कंपनी म्हणते, तुमच्या इन्स्टॉलरमध्ये आमची टूलबार घाला, जितक्या मशीनवर बसेल तितके पैसे देऊ. ‘डिव्हएक्स’ या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या कंपनीला २००८च्या पहिल्या नऊ महिन्यांत नुसत्या याहू टूलबारपायी सुमारे १ कोटी ५७ लाख डॉलर मिळाले होते. हा आकडा पाहिल्यावर त्याच वर्तुळातल्या लोकांनी ‘ओपनकँडी’ नावाचा खास याच कामाचा धंदा काढला, यात नवल नाही. पुढे अनेक नामांकित फुकट प्रोग्रॅमच्या पोटात तो बसलेला असे. २०१६ मध्ये गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी या बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका इन्स्टॉलला साधारण १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत भाव होता आणि गिऱ्हाईक कोणत्या देशातलं यावर तो ठरे. गूगलच्या सुरक्षा यंत्रणेला अशा नकोशा सॉफ्टवेअरचे आठवड्याला ६ कोटींहून जास्त डाउनलोड-प्रयत्न दिसत होते. उघडउघड घातक सॉफ्टवेअरच्या तिप्पट.

यात फक्त चिंधीचोर कंपन्या होत्या असं कुणी समजू नये. भारतात या प्रकाराचा सर्वांत सभ्य चेहरा होता जावा. आयकर रिटर्नची जावा युटिलिटी, ई-टेंडरसाठी लागणारी डिजिटल सही, अशा कामांसाठी गेल्या दशकात करसल्लागारापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांना जावा बसवणं भाग होतं. ओरॅकलसारख्या बड्या कंपनीच्या त्या इन्स्टॉलरमध्ये ‘आस्क टूलबार’चा चौकोन आधीच टिक केलेला असे. २०१३ मध्ये एड बॉट या तंत्रविषयक पत्रकारानं दाखवून दिलं की जावा बसल्यावर ही टूलबार लगेच बसत नाही, दहा मिनिटं दबा धरून थांबते आणि मग बसते. म्हणजे सावध माणसानं ताबडतोब कंट्रोल पॅनेल उघडून पाहिलं तरी त्याला काही दिसू नये, अशी सोय. ही हुशारी कुणीतरी पगार घेऊन केली असणार, हे विसरता येत नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आस्क टूलबारच्या जुन्या आवृत्त्या नकोशा सॉफ्टवेअरच्या यादीत टाकल्या आणि त्याच वर्षी ओरॅकलनं आस्कला निरोप देऊन याहूशी सोयरीक केली. फ्लॅश प्लेअरबरोबर मॅकॅफीचा स्कॅनर येई, तोही टिक केलेलाच. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. त्याचं नाव लावलेले बनावट ‘अपडेट’ मात्र फिरत राहिले.

ज्या डाउनलोड साइट्सवर लोकांचा विश्वास होता, त्यांनी काय केलं हे पाहिलं तर चिडच येते. सीनेटची ‘डाउनलोड डॉट कॉम’ ही एके काळी फुकट सॉफ्टवेअरची पहिली पायरी. तिनं २०११ मध्ये मूळ इन्स्टॉलरवर स्वतःचं वेष्टण चढवायला सुरुवात केली. ‘एनमॅप’ हे नेटवर्क तपासायचं साधन लिहिणारे गॉर्डन लायन यांना त्या डिसेंबरात कळलं की आपल्या प्रोग्रॅमबरोबर लोकांच्या मशीनवर टूलबार बसतेय. त्यांनी जाहीर बोभाटा केला. ‘सोर्सफोर्ज’ तर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं घरच होतं. तिनं २०१३ मध्ये ‘डेव्हशेअर’ नावाची जोड-विक्रीची योजना काढली. ‘गिम्प’ या चित्रांच्या प्रोग्रॅमचे लोक त्याच वर्षी तिथून बाहेर पडले. मे २०१५ मध्ये त्यांना दिसलं की त्यांची सोडून दिलेली जागा सोर्सफोर्जनं स्वतःच्या ताब्यात घेतली आहे आणि तिथून मिळणाऱ्या गिम्पबरोबर जाहिराती येत आहेत. २०१६ च्या सुरुवातीला सोर्सफोर्ज विकली गेली आणि नव्या मालकांनी ती योजना बंद केली. तेव्हा साइट आज ठीक आहे म्हणून उद्या ठीक असेल असं नाही, आणि काल बिघडलेली आज सुधारलेलीही असू शकते. ‘अमुक साइट चांगली’ असं वर्षानुवर्षं एकमेकांना सांगणारे इथंच फसतात. २०१५ सालच्या मार्चमध्ये ‘यूटॉरंट’बरोबर ‘एपिक स्केल’ नावाचा प्रोग्रॅम येतो असा गवगवा झाला. तो आपल्या मशीनची ताकद वापरून क्रिप्टो-नाणी काढत होता. त्याच सुमाराला लेनोवोच्या काही नव्या लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचं जाहिरातवालं सॉफ्टवेअर कंपनीतूनच बसवून आलेलं सापडलं, म्हणजे तिथं तर नेक्स्टसुद्धा दाबायची गरज नव्हती.

आपल्याकडचा हिशेब जून २०१७ मध्ये पुढे आला. ‘चेक पॉइंट’ या सुरक्षा कंपनीनं ‘फायरबॉल’ नावाचा प्रकार उघड केला. राफोटेक या चिनी जाहिरात कंपनीचा हा प्रोग्रॅम फुकट सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून येई आणि ब्राउझरचं होमपेज-सर्च ताब्यात घेई. चेक पॉइंटच्या अंदाजानं जगात २५ कोटी मशीन बाधित होत्या आणि देशांच्या यादीत पहिला भारत, २ कोटी ५३ लाख. मायक्रोसॉफ्टनं हे आकडे फार फुगवलेले आहेत असं म्हटलं आणि नंतर चेक पॉइंटनंही ते बरेच खाली आणले. आकडा सोडून देऊ. भारत यादीत वर का, याचं उत्तर झेरॉक्सच्या दुकानात बसलेल्या कुणालाही देता येईल. आपल्याकडे सॉफ्टवेअर विकत घ्यायची सवय नाही, मूळ कंपनीची साइट माहीत नसते, आणि शोधायची रीत म्हणजे गूगलवर नाव टाकून पुढे ‘फ्री डाउनलोड’ लिहायचं. शोधाच्या यादीत वरती येण्यासाठी पैसे मोजणारे याच दोन शब्दांची वाट बघत बसलेले असतात.

त्यात मूळ साइटच बंद असेल तर? व्हीएलसी प्लेअर हा या सगळ्या गोंधळात निष्कलंक राहिलेला प्रोग्रॅम. व्हिडिओलॅन या फ्रान्समधल्या संस्थेनं जाहिरात-टूलबारच्या मोठमोठ्या रकमांना नकार दिला, हे तिचे प्रमुख झाँ-बातिस्त केंफ यांनी उघड सांगितलं आहे. पण २०२२ मध्ये फेब्रुवारीपासून भारतातल्या अनेक इंटरनेट कंपन्यांवर व्हिडिओलॅनची साइटच उघडेना. ऑगस्टमध्ये त्याचा बोभाटा झाला. संस्थेला ना नोटीस मिळाली होती, ना कारण. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं कायदेशीर नोटीस दिल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदी उठली. मधले नऊ महिने प्लेअरवर बंदी नव्हती, फक्त तो जिथून निर्धास्त घ्यावा ते दार बंद होतं. बाकीची सगळी दारं उघडी. नागरिकांना सावध राहायला सांगणाऱ्या सरकारी पोस्टरांची संख्या मोठी आहे, पण या एका निर्णयानं किती लोकांना भलत्या साइटवर ढकललं असेल याचा विचार ते पोस्टर छापणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

सीमाभागातल्या टायपिंगवाल्यांनी याच जातीचं दुसरं दुखणं काढलं आहे. गूगलचं मराठी-कन्नड इनपुट टूल विंडोजवर बसवलं की ‘namaskar’च्या अक्षरांनी नमस्कार उमटायचा, नेट नसतानाही. गूगलनं काही वर्षांपूर्वी त्याचं विंडोजसाठीचं डाउनलोड काढून टाकलं. मागणी मात्र संपली नाही. त्यामुळे ‘गूगल मराठी ऑफलाइन इन्स्टॉलर’ अशा नावाच्या फायली कुठल्या कुठल्या साइटवर, ड्राइव्हच्या लिंकवर, यूट्यूब व्हिडिओखाली आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. त्यातली एखादी खरी असेलही. पण ती कुणी उघडून पुन्हा बांधली, त्यात काय घातलं, हे तुम्हाला-मला बघून कळणार नाही. बरहाचंही तसंच. शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांनी १९९८ मध्ये काढलेलं हे साधन कन्नडबरोबर मराठीही लिहितं, बरीच वर्षं ते फुकट होतं, पुढच्या आवृत्त्या विकत झाल्या. मग लोक ‘जुनं फुकटवालं बरहा’ शोधत फिरतात आणि नको तिथं पोचतात.

आणि इथला सगळ्यात मोठा ‘फुकट’ म्हणजे क्रॅक, परवाना तोडून चालवलेलं विकतचं सॉफ्टवेअर. फ्लेक्सवाले आणि फोटो स्टुडिओवाले ज्या फोटोशॉपवर काम करतात, त्यातल्या कितींकडे त्याची पावती निघेल? क्रॅकबरोबर येतं ते टूलबारच्या दर्जाचं नसतं, पासवर्ड चोरणारं असतं. शिवाय ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही सूचना त्या फाइलीतच लिहिलेली असते. दार स्वतः उघडून कुलूप खिशात ठेवायला सांगणाऱ्या पाहुण्याला आपण एरवी घरात घेतलं नसतं. या लेखात क्रॅकबद्दल याहून जास्त लिहीत नाही, कारण तिथं ‘टाळायचं कसं’ याला क्रॅक न वापरणं एवढंच उत्तर आहे.

आता इन्स्टॉलरचा पडदा जरा जवळून बघू. पहिल्या पानावर दोन गोल असतात. वरच्यावर ‘एक्स्प्रेस’ आणि शेजारी ‘रेकमेंडेड’. खालच्यावर ‘कस्टम’ आणि त्याला जोडून ‘ॲडव्हान्स्ड युजर्स’साठी, म्हणजे साध्या माणसानं वाटेला जाऊ नये असं सुचवणारं. जोडीला काय येतंय याची यादी बहुतेक वेळा कस्टमच्याच आत असते. दुसरं पान परवान्याचं, ‘ॲक्सेप्ट’ दाबल्याशिवाय पुढं जात नाही. तिसरं पान हुबेहूब तसंच दिसतं, तोच करडा रंग, तीच बारीक अक्षरं, तीच दोन बटणं. फक्त हा परवाना दुसऱ्याच प्रोग्रॅमचा असतो आणि इथं ‘डिक्लाइन’ दाबलं तरी आपलं मूळ काम अडत नाही. मागच्या पानाच्या सवयीनं बोट ‘ॲक्सेप्ट’वर जातं. काही ठिकाणी ‘डिक्लाइन’ इतक्या फिक्या रंगात की बटण बंद आहे असं वाटावं. काही ठिकाणी वाक्यच उलटं, ‘मला ही ऑफर नको असं नाही’ या धर्तीचं, टिक करावी की काढावी हे इंग्रजी पक्कं असलेल्यालाही दुसऱ्यांदा वाचावं लागेल असं.

सगळीकडून मिळणारा सल्ला असा, की नीट वाचा, घाई करू नका, टिक काढा. सल्ला खोटा नाही. पण तो ज्यांनी दिलाय त्यांनी अफजलपुरातल्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेला नाही. त्याचं शिक्षण कन्नडात किंवा मराठीत झालेलं, इन्स्टॉलरचं इंग्रजी कायदेशीर, समोर पाच माणसं उभी, लाइट कधी जाईल भरवसा नाही. अशा वेळी ‘वाचा’ म्हणणं म्हणजे दोष त्याच्या गळ्यात घालून मोकळं होणं आहे. माझं मत असं की वाचण्यापेक्षा दोन गोष्टी जास्त उपयोगी आहेत. बसवायची गरजच आहे का हे पाहणं, आणि असेल तर कुठून घ्यायचं हे आधी ठरवणं.

गरजेपासून सुरुवात करू. नोकरीच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी मागतात. यासाठी लोक ‘इमेज रिसायझर’ शोधतात. विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या पेंटमध्ये ‘रिसाइज’ करून जेपेग म्हणून सेव्ह केलं की काम होतं. एक-दोनदा टक्केवारी बदलून बघावी लागते इतकंच. कागद पीडीएफ करायला विंडोज १० पासून प्रिंटच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ आहे. पीडीएफ बघायला ब्राउझर पुरतो. झिप फाइल उघडायला काही लागत नाही. आणि ज्यासाठी सर्वांत जास्त शोधाशोध होते, ते मराठी आणि कन्नड टायपिंग. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी आणि कन्नड या दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची, तिच्या कीबोर्डांत ‘फोनेटिक’ निवडायचा, मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदलायची. कन्नडसाठी हेच पुन्हा. इन्स्क्रिप्टची सवय असेल तर तो कीबोर्ड विंडोजमध्ये त्याहूनही आधीपासून आहे. जुन्या श्रीलिपीच्या फायली, फ्लेक्सची कामं यांना मात्र हे पुरणार नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी विकतचं आहे आणि ज्याचा धंदाच पत्रिका-फ्लेक्सचा आहे त्यानं ते विकतच घ्यावं. नुडी कन्नड गणक परिषदेचं आहे, फुकट आहे, फक्त ते शोध-यादीतल्या कुठल्याही दुव्यावरून घेऊ नये.

कुठून घ्यायचं, याची उत्तरं आता बरी झाली आहेत. ‘निनाइट’ ही साइट २००९ पासून आहे. लागणारे प्रोग्रॅम एकदाच टिक करायचे, एक छोटी फाइल उतरते, ती सगळं मूळ ठिकाणाहून आणून बसवते आणि प्रत्येक जोड-ऑफरला आपल्या वतीनं नकार देते. व्हीएलसी, सेव्हन-झिप, लिब्रेऑफिस, क्रोम, फायरफॉक्स एवढ्यावर ज्याचं भागतं त्याच्यासाठी याहून सोपं काही नाही. फॉरमॅटनंतर दहा प्रोग्रॅम परत चढवायचे असतील तेव्हा तर नक्कीच. मायक्रोसॉफ्टचं ‘विंगेट’ २०२१ मध्ये पक्कं झालं. काळ्या खिडकीत ‘विंगेट इन्स्टॉल’ आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव लिहायचं. दिसायला भीतिदायक, पण त्यात फसवी बटणंच नसतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरही आहे, तिथं नावाशी साधर्म्य असलेल्या नकला असतात म्हणून खाली प्रकाशकाचं नाव बघून घ्यावं. ‘अनचेकी’ नावाचं एक छोटं साधन २०१३ च्या सुमाराला निघालं होतं, ते इन्स्टॉलरमधल्या टिका आपोआप काढत असे. त्या काळात मोठा आधार होता, आज त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

ड्रायव्हरची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट आहे. प्रिंटर किंवा अंगठ्याच्या मशीनचं मॉडेल गूगलवर टाकलं की वरचे दुवे ‘ड्रायव्हर अपडेटर’वाल्यांच्या जाहिरातींचे असतात. हे अपडेटर फुकट स्कॅन करतात, वीस ड्रायव्हर जुने झालेत असं सांगतात आणि मग वर्गणी मागतात. विंडोज अपडेट बहुतेक ड्रायव्हर आपणच आणतं. न आणल्यास मशीनच्या खोक्यावर छापलेला पत्ता हातानं टाइप करावा, शोधू नये. आधारसाठीच्या अंगठ्याच्या मशीनचा ‘आरडी सर्व्हिस’ ड्रायव्हर तर फक्त बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरूनच घ्यावा. त्या मशीनवर लोकांचे अंगठे आणि त्यामागे त्यांची खाती असतात, तिथं प्रयोग नकोत.

अँटिव्हायरस यात किती मदत करतो? थोडी. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरमध्ये ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ नावाचं बटण मे २०२० च्या अपडेटमध्ये आलं आणि ऑगस्ट २०२१ पासून ते मुळातच चालू असतं. ‘विंडोज सिक्युरिटी’त ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये जाऊन ते चालू आहे का बघावं, क्रॅकवाल्यानं बंद करून ठेवलेलं असू शकतं. फुकट अँटिव्हायरसांबद्दल मात्र मला फारसं प्रेम नाही. पहारेकरी म्हणून आलेल्यांपैकी अनेकांनी स्वतःच टूलबारा वाटल्या. अवास्टची उपकंपनी ‘जम्पशॉट’ लोकांचा ब्राउझिंगचा तपशील विकत होती. ती जानेवारी २०२० मध्ये बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. याच अवास्टनं २०१७ मध्ये घेतलेलं ‘सीक्लीनर’, जे आपल्याकडे प्रत्येक दुरुस्तीवाला पेनड्राइव्हवर बाळगत असे, त्याच्या फुकट इन्स्टॉलरला जुलै २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं नकोशा यादीत घातलं. कारण दिलं ते बरोबर येणाऱ्या जोड-प्रोग्रॅमचं. सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं. तिथं पुण्याच्या क्विक हीलनं बनवलेलं सफाईचं साधन फुकट मिळतं आणि त्यात कुणाची टूलबार नसते. फारच कमी दुकानदारांना हे ठाऊक आहे.

आत आलेलं काढताना फॉरमॅटची घाई नको. आधी ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ तारखेप्रमाणे लावून बघा. नको असलेले पाहुणे सहसा एकाच दिवशी ओळीनं आलेले दिसतात. मग ब्राउझरची एक्स्टेन्शन्स. मग ‘ॲडक्लीनर’, हे आता मालवेअरबाइट्सचं आहे आणि फुकट आहे. एवढं करूनही भलतं पान उघडत राहिलं तर डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘टार्गेट’च्या चौकटीत क्रोमच्या फाइलीचं नाव संपल्यावर अवतरणचिन्हापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असतो. तेवढा पुसला की कित्येक दिवसांची कटकट जाते. दुकानदार अख्खी विंडोज पुन्हा टाकतात ते अनेकदा या एका ओळीपायी. आणि रोजच्या कामासाठी पोरांना ‘स्टँडर्ड’ खातं द्या, ॲडमिनचा पासवर्ड मालकाकडे ठेवा. काही बसवायचं तर विचारावं लागेल, आणि विचारायला उठावं लागलं की निम्म्या गोष्टी बसवायच्या राहून जातात.

टूलबारचा जमाना आता ओसरला आहे हेही नोंदवायला हवं. ब्राउझरनी दारं आवळली, भाव पडले. ती जागा ‘अलाऊ नोटिफिकेशन’नं घेतली आहे. निकाल बघायला उघडलेल्या कुठल्यातरी पानावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा’ असं येतं, दाबलं की कोपऱ्यातून जाहिराती सुरू. इन्स्टॉलसुद्धा काही होत नाही. मोबाइलवर तर ॲप फोनबरोबरच येतात. कागद स्कॅन करायला दुकानोदुकानी वापरल्या जाणाऱ्या ‘कॅमस्कॅनर’च्या जाहिरातींच्या भागात ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्कीला घातक कोड सापडला होता, आणि जून २०२० मध्ये सरकारनं बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ते होतंच. बंदीचं कारण मात्र वेगळं होतं.

कायदा कुठं आहे? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार मोजले आहेत. गिऱ्हाइकाला न विचारता टोपलीत जादा वस्तू टाकणं, बुचकळ्यात पाडणारा उलटा प्रश्न, बटणांची फसवी मांडणी, हे सगळं त्यात आहे. इन्स्टॉलरचं तिसरं पान वाचून लिहिल्यासारखी ही यादी आहे. पण परदेशात बसलेल्या, पैसेच न घेणाऱ्या प्रोग्रॅमवाल्यावर ती चालवणं सोपं नाही. २०२३ च्याच डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचं सहावं कलम जास्त कामाचं ठरू शकेल. संमती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, म्हणजे आधीच टिक केलेला चौकोन चालणार नाही. आणि संमतीची मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. मराठी आणि कन्नड दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना अजून अवधी दिलेला आहे.

तोवर एक मागणी आजच करता येण्यासारखी आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. ज्या सरकारी पोर्टलला एखादा प्रोग्रॅम, फाँट किंवा ड्रायव्हर लागतो, त्यानं तो स्वतःच्याच पानावर ठेवावा, किंवा मूळ पानाचा थेट दुवा द्यावा, आणि बसवायची कृती कन्नडात लिहावी. सीमेवरच्या तालुक्यांत मराठीतही. दुकानदाराला गूगलवर ‘फ्री डाउनलोड’ टाइप करायला लावणारं पोर्टल अर्धवट बांधलेलं आहे असं मी समजतो. आणि कुणी न मागितलेलं बसवून त्याचे पैसे कापले असतील तर तो पडदा पुसायच्या आधी त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन करा. नुसती फसवी मांडणी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं, कन्नडातही.